तिच्या पायाची सवय

पद्मजा गाडी घेऊन पहिल्यांदा माझ्या वर्कशॉपात आली आणि म्हणाली, "गाडी झटका देते," तेव्हा मला आनंद झाला. हे आधीच कबूल करून टाकतो. पुढं जे झालं त्याचं मूळ या आनंदातच आहे.

मी नंदकुमार लोहार. कोल्हापुरात उद्यमनगरात येऊन नंदू मिस्त्री म्हणून विचारलं असतंत तर पूर्वी कुणीही बोट दाखवलं असतं. आता २०४१ साल आहे, बोट दाखवायला तरी कोण उरलंय? आमच्या ओळीत सतरा गॅरेजं होती, त्यातली सोळा बंद पडली. बॅटरीच्या गाड्या आल्या. त्यांना एक मोटर आणि दात्यांची एक जोडी, संपला विषय. गिअर बदलायचाच नाही तर मिस्त्रीला काय विचारायचं? जिल्ह्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून परत बसवू शकणारा माणूस मी एकटा राहिलोय. सकाळी शटर वर करतो, दिवसभर बसतो आणि रेडिओवरच्या निवेदकाशी भांडतो. तो बिचारा उत्तर देत नाही.

पद्मजा माझी घटस्फोटित बायको. जनावरांची डॉक्टर. पंधरा वर्षांपूर्वी तिची आजऱ्याला बदली झाली. मी गॅरेज सोडून गेलो नाही, तिनंही परत बदली मागितली नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं, भांडणारी माणसं निदान बोलतात तरी. आमचं तसंही नाही. चार वर्षं असंच चाललं आणि मग एका दुपारी कोर्टात जाऊन आम्ही सह्या केल्या, बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो आणि आपापल्या दिशेला गेलो. मूलबाळ नाही. ती निवृत्त झाली तरी आजऱ्यातच राहिली, वाड्यावस्त्यांवरच्या म्हशी बघत. संसारात ती मला 'अहो' म्हणायची. आता बाकीच्या गिऱ्हाइकांसारखी 'मिस्त्री' म्हणते. मी मात्र अगं-तुगंच करतो. जीभ वळत नाही, काय करणार?

तर, झटका. तो कळायचा तर आधी गिअरबॉक्स कळला पाहिजे. वैतागू नका, दोन मिनिटांचं काम आहे.

इंजिन हा हट्टी प्राणी. ठरावीक फेऱ्यांतच त्याच्या अंगात जोर असतो. चढाला ताकद पाहिजे, सपाटीला वेग पाहिजे, आणि इंजिन स्वतःहून दोन्ही देत नाही. म्हणून मध्ये गिअर. हातच्या गिअरच्या गाडीत डावा पाय क्लच दाबतो, इंजिन आणि चाकं क्षणभर वेगळी होतात, तेवढ्यात हात दाते बदलतो. ऑटोमॅटिकमध्ये त्या क्लचच्या जागी तेलानं भरलेला एक डबा असतो, टॉर्क कन्व्हर्टर. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एकच चालू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरायला लागतो, हो की नाही? इथं वाऱ्याच्या जागी तेल, एवढंच. त्यामुळं सिग्नलला गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही. त्याच्यामागं दातेरी चक्रांचा संच असतो: मधे सूर्य, भोवती ग्रह, बाहेरून कडं. यातलं कुठलं चक्र पकडून ठेवायचं आणि कुठलं मोकळं सोडायचं, त्यावर गिअर ठरतो. पकडायचं काम तेलाच्या दाबानं आवळणाऱ्या प्लेटा करतात.

याची भावंडंही आहेत. सीव्हीटीत दोन पुल्या आणि एक पट्टा, स्कूटरसारखं. चालायला मऊ, पण घाटात नुसती बोंब मारते. एएमटी म्हणजे हातचाच गिअरबॉक्स, फक्त तुमच्या पायाच्या आणि हाताच्या जागी मोटर बसवलेली. गिअर बदलला की गाडीतल्या सगळ्यांच्या माना डुलणार. डबल क्लचवाला लई हुशार, एका क्लचवर चालू गिअर आणि दुसऱ्यावर पुढचा तयार, पण गर्दीत अडकला की तापतो. टॉर्क कन्व्हर्टरवाला जड आणि थोडा खादाड, पण समंजस. पद्मजाच्या गाडीत तोच आहे, आठ गिअरचा, पेट्रोलच्या शेवटच्या गाड्यांपैकी. शहरात माणसाविना चालणाऱ्या गाड्या आल्यात, पण आजऱ्याच्या वस्त्यांवर त्या फिरकत नाहीत. तिथला रस्ता दर पावसाळ्यात जागा बदलतो, त्यामुळं मशीनचा नकाशा चुकतो. तिथं माणसाचाच पाय लागतो.

आणि हा गिअरबॉक्स तो पाय शिकतो. कोण ॲक्सिलरेटर हळू दाबतो, कोण ब्रेक उशिरा मारतो, वळणाआधी कोण किती घाबरतो, सगळं तो स्वतःच्या कॉम्प्युटरात लिहून ठेवतो आणि त्याप्रमाणं वागायला लागतो. गाडी विचित्र वागली की आम्ही उद्यमनगरवाले काय करायचो? ती आठवण पुसून टाकायचो. 'गाडीचं डोकं धुणं' म्हणतात याला. कॉम्प्युटर जोडा, एक बटण दाबा, गिअरबॉक्स कारखान्यातून आल्यासारखा कोरा. पुसण्याआधी आत काय लिहिलंय ते वाचावं असं पुस्तकात आहे. पण वाचत बसायला एक तास, धुवायला एक मिनिट. आमच्या ओळीत कधीच कुणी वाचलं नाही. आधी धुवायचं आणि मग विचारायचं, ही आमची रीत.

पहिल्या वेळी मी गाडी फिरवून आणली. मला झटका लागला, बारीकसा, वेग कमी करताना. गिअरबॉक्स ब्रेकची वाट न बघता आधीच खालच्या गिअरला उतरत होता. मी तेल काढलं, बोटावर घेतलं. लालभडक, स्वच्छ. प्लेटा जळल्या असत्या तर तेल काळं पडतं, करपल्यासारखा वास येतो. मी बाटली तिच्या नाकापुढं धरली.

"बघ, वास घे. काही बिघाड न्हाई."

"मला कसलाच वास येत नाही," ती म्हणाली. "सर्दी असेल."

"मग धुतो डोकं. दोन महिन्यांनी परत दाखव."

दोन महिन्यांनी दाखवायची काही गरज नव्हती. मी उगाच म्हटलं. आणि एका मिनिटाच्या कामाला 'संध्याकाळपर्यंत लागेल' असंही म्हटलं. ती बसली. मी खुर्चीवरची धूळ फडक्यानं झटकली, समोरून मिसळ मागवली, आणि तिनं मला आजऱ्याजवळच्या सुळेरानातल्या एका म्हशीची गोष्ट सांगितली. ती म्हैस डॉक्टरीणबाईंची गाडी ओळखते आणि हॉर्न ऐकला की गोठ्यात लपते. मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. कैक वर्षांत त्या वर्कशॉपात कुणी हसलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

खरंच दोन महिन्यांनी ती आली. तोच झटका. मी परत डोकं धुतलं. मग तिसऱ्यांदा. मग चौथ्यांदा. सव्वा वर्षात चार वेळा. दर वेळी गाडी दोनेक हजार किलोमीटर मलईसारखी चालायची आणि मग हळूहळू झटका परत यायचा. कुठल्याही शहाण्या मिस्त्रीला संशय आला असता की बिघाड गाडीत नाही. मलाही आला होता हो. खोटं कशाला बोलू? पण झटका बरा झाला असता तर ती कशाला आली असती? ती यायच्या आदल्या दिवशी मी फरशी घासायचो, दाढी करायचो, रेडिओची बॅटरी बदलायचो. एकटा माणूस किती मूर्ख होऊ शकतो याला काही सुमार नाही.

चौथ्या वेळी तिनं जॉबकार्डावर सही केली ती मुंगीएवढी. पूर्वी तिची सही अर्धं कार्ड खायची. मी चेष्टा केली, "कागद महागला काय गं?" ती हसली नाही.

त्यानंतर पाऊलनोंद आली.

तुम्ही बातम्यांत ऐकलंच असेल. कुणा संशोधकांना लाखो गाड्यांच्या गिअरबॉक्समधल्या आठवणी चाळताना एक गोष्ट सापडली. काही लोकांच्या पायात सेकंदाला पाचेक वेळा बारीक थरथर नोंदलेली होती. त्यांना स्वतःला ती जाणवतही नव्हती. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून ब्रेकवर ठेवायला त्यांना महिन्यागणिक जास्त वेळ लागत होता. दोन-चार वर्षांनी त्यातल्या बहुतेकांना कंपवात निघाला. डॉक्टरच्या आधी गिअरबॉक्सला कळलं होतं. झालं, सरकारनं या पाऊलनोंदीचा नियम काढला. दर वर्षी फिटनेसच्या वेळी गाडीची आठवण वाचायची, थरथर सापडली तर लायसन स्थगित आणि माणूस तपासणीला. आणि नियम लागू व्हायच्या तारखेपासून डोकं धुवायचं बटण कायमचं बंद. जिल्ह्यात गिअरबॉक्सचा माणूस मीच, म्हणून वाचायचं यंत्र महिनाभर आधी माझ्याकडं आलं. पुस्तकाएवढं, वर एक पडदा, आणि त्यावरून पाठवलेली नोंद त्या दिवसापासूनच सरकार धरणार होतं. मला तर शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं झालं होतं.

तारखेच्या तीन दिवस आधी, सकाळी अकराला पद्मजा दारात. या वेळी फोनही केला नव्हता.

"मिस्त्री, डोकं धुवून द्या," ती म्हणाली. झटक्याचं नावही काढलं नाही.

"धुतो की. आधी नवीन मशीन दाखवतो तुला," मी म्हटलं. दाखवायची हौस, दुसरं काय? मी वायर जोडली.

ती "नको" म्हणाली. पण मी ऐकलं तोपर्यंत पडद्यावर रेघ उमटली होती. सरळ रेघेवर बारीक दाते, एकसारखे, पाटीवर पोरानं काढल्यासारखे. खाली आकडा: सेकंदाला ४.८. त्याखाली उजवा पाय ब्रेकवर जायला लागणारा वेळ, सर्वसाधारण माणसाच्या दुपटीहून जास्त. आणि सगळ्यात खाली एक ओळ, यंत्राच्या थंड भाषेत: 'ही नोंद यापूर्वी चार वेळा पुसली गेली आहे.' पुढं चारही तारखा. चारही माझ्या.

मी स्टुलावर बसलो. कंपवातात वास जातो, अक्षर बारीक होतं, हे बातम्यांत ऐकलं होतं; तो न येणारा वास, ती मुंगीएवढी सही, सगळं एकदम डोक्यात आलं. हा गिअरबॉक्स सव्वा वर्ष ओरडून सांगत होता आणि मी दर वेळी त्याचं तोंड धुवून टाकत होतो, मिसळ खात खात.

"पद्मजा, हे..."

"कंपवात आहे," ती म्हणाली. "मला माहीत आहे. तिसऱ्या खेपेच्या आधीच बेळगावला दाखवून आले. गोळ्या चालू आहेत."

"आणि मला सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही विचारलंत?"

मग मला दुसरंच सुचलं. "मग तिसऱ्या न् चौथ्या वेळी आलीस कशाला? झटका कशाचा हाय ते तुला ठाऊक होतं."

"नोंद राहू नये म्हणून. हा नियम येणार याची कुणकुण तेव्हापासून होतीच." तिनं पर्सची चेन लावली. "गडहिंग्लजला पण धुवून देतात, मिस्त्री. मला जवळ पडतं."

एवढं बोलून ती दाराकडं बघत राहिली. मी मठ्ठ असलो तरी इतका नाही. गडहिंग्लज सोडून ती कोल्हापुरापर्यंत का येत होती, ते मला कळलं. मला एकदम खूप बरं वाटलं.

"शेवटचं एकदा धुवा," ती म्हणाली. "कोरी आठवण असली की यंत्र 'नोंद अपुरी' दाखवतं आणि एक वर्ष मिळतं. मला एक वर्ष पाहिजे. गाडी गेली तर मी आजऱ्यात करू काय? भाचा पुण्याला ये म्हणतोय, तेराव्या मजल्यावर. तिथं म्हशी आहेत?"

मला हो म्हणायचं होतं. शपथ घेऊन सांगतो. धुतलं की ती गाडी चालवणार, दोन महिन्यांनी परत येणार, खुर्चीत बसणार. नाही म्हटलं की गेली ती पुण्याला. बटण माझ्या हाताशी होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा, पुसण्याआधी वाचून बघावं असं वाटलं.

"एक चक्कर मारू," मी म्हटलं. "तू चालव. मी शेजारी बसतो."

आम्ही जोतिबाच्या घाटात गेलो. यंत्र माझ्या मांडीवर, वायर जोडलेली. ती चांगली चालवत होती, मी निर्धास्त झालो होतो. उतरताना एका वळणावर समोर उसाची ट्रॉली निघाली. पद्मजानं ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. तो ब्रेकवर पोचायच्या आधी गाडीनं झटका दिला आणि ती पाचव्यावरून तिसऱ्या गिअरला उतरली. इंजिननंच गाडी आवळून धरली. मग तिचा पाय पोचला. ट्रॉलीपासून हातभर अंतर राखून आम्ही थांबलो.

"बघा, हाच तो झटका," ती कुरकुरली.

मी पडद्याकडं बघत होतो. गिअरबॉक्सला कळलं होतं की या बाईचा पाय उशिरा पोचतो. म्हणून तिनं पाय उचलला की तो ब्रेकची वाट न बघता स्वतःच गिअर खाली टाकत होता. ती मधली पोकळी तो भरून काढत होता. झटका म्हणजे बिघाड नव्हता. तिचा कमी पडलेला पाय तो स्वतःच्या अंगावर घेत होता. आणि मी चार वेळा त्याला ते विसरायला लावलं होतं.

"मी डोकं धुतल्यावर कधी कुठं धडकलीस काय?" मी विचारलं.

ती म्हणाली, "दुसऱ्या खेपेनंतर, आठवड्यातच. हात्तीवड्याजवळ बांधावर चढवली. कुणाला लागलं नाही. पुढं एक बाई गवताचा भारा घेऊन चालली होती." गाडी पुढं काढत म्हणाली, "मला वाटलं, माझंच लक्ष नव्हतं."

मग वर्कशॉपात परत आलो. गाडी लावल्यावर मी तिला सगळं सांगितलं, जसं आत्ता तुम्हाला सांगितलं. ती शहाणी बाई आहे, तिला एकदा सांगून पुरतं.

"म्हणजे धुतलं तर गाडी मला सांभाळणार नाही," ती म्हणाली. "आणि नाही धुतलं तर सरकार चालवू देणार नाही."

"व्हय."

"मी सावकाश चालवीन. दोन हजार किलोमीटरांत ती परत शिकेल."

"आणि तवर? भारा घेतलेल्या बाया रोज असतात रस्त्याला."

"मग मी जाते गडहिंग्लजला. अजून तीन दिवस आहेत." तिनं किल्ली उचलली. हात थरथरत होता. तिनं तो दुसऱ्या हातानं धरला.

तिला अडवायला माझ्याकडं काही अधिकार नव्हता. नवराही नाही मी तिचा. माझ्याकडं होतं फक्त ते यंत्र, आणि त्यावर 'पाठवा' असं लिहिलेलं हिरवं बटण. मी ते दाबलं. तिच्या डोळ्यांदेखत. पाठमोरी असताना दाबायचा विचार आला होता, पण तेवढा नीचपणा जमला नाही.

अर्ध्या मिनिटात तिचा फोन वाजला. लायसन स्थगित. तिनं वाचलं, फोन पर्समध्ये ठेवला.

"म्हशीला सुई टोचताना मी तिला विचारत नाही, मिस्त्री," ती म्हणाली. "पण मी म्हैस नाही."

एवढंच. ती ओरडली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तर मी आनंदानं ऐकून घेतल्या असत्या.

तिला घरी पोचवायला तिच्याच गाडीनं निघालो. मी चालवायला, ती शेजारी खिडकीबाहेर बघत. आणि गाडी सगळ्या वाटेवर झटके देत होती. मी पाय उचलला की लगेच गिअर खाली. माझा पाय साठीतही वेळेवर पोचतो. पण गाडीला मी कोण ते माहीत नव्हतं. ती पद्मजालाच सांभाळत होती, प्रत्येक वळणाला, प्रत्येक गतिरोधकाला. कागल गेलं, निपाणी गेली, उत्तूर गेलं. नव्वद किलोमीटर मी माझ्या बायकोच्या पायानं गाडी चालवली. आमच्या एवढ्या संसारात मला तिचं एवढं काही कधी कळलं नव्हतं. कधी घाबरते, कुठल्या वळणाला धीर धरते, उतार आवडत नाहीत तिला. मला हुंदका आला, मी खोकल्यावर निभावलं.

तिच्या दारात मी सगळं धैर्य एकवटून म्हणालो, "मी येतो हिकडं. गॅरेजात तसं काय ठेवलंय? तुला वस्त्यांवर नेत जाईन."

तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता तिच्या तोंडावर, तेच जास्त लागलं.

"पंधरा वर्षांपूर्वी बदलीची ऑर्डर हातात घेऊन मी याच वाक्याची वाट बघत होते," ती म्हणाली. "तेव्हा मला नवरा पाहिजे होता. आज सकाळपर्यंत गाडी पाहिजे होती. ड्रायव्हर मला कधीच नको होता, मिस्त्री." फाटक उघडता उघडता ती वळली. "गाडी घेऊन जा. दारात दिसली तर मी चालवीन. रविवारी भाचा न्यायला येतोय."

तिनं दार लावून घेतलं. मी परत गाडीत बसलो.

परतीला निघालो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पाच-दहा किलोमीटर मी कसलाच विचार करत नव्हतो, नुसता चालवत होतो. एका उताराला पाय उचलला आणि जाणवलं की गाडी थांबलीय. म्हणजे आपणहून गिअर टाकायची थांबलीय. माझ्या ब्रेकची वाट बघितली तिनं, मग सावकाश उतरली. झटका नाही. पुढच्या वळणाला परत तसंच. उशिरा पोचणारा पाय पक्का कळायला गिअरबॉक्सला दोन हजार किलोमीटर लागतात, पण वेळेवर पोचणारा नवा पाय तो पहिल्या शंभरेक किलोमीटरांत भराभर शिकतो, आणि त्याच्याकडं वही एकच असते. नवं लिहायचं तर जुनं खोडूनच. मी तिला पोचवायला नव्वद किलोमीटर चालवलं होतं. गाडीला कळायला लागलं होतं की हा पाय वेळेवर पोचतो, याला सांभाळायची गरज नाही. आकडे सगळे सरकारकडं गेले होते, पण आकड्यांचं मी काय करू?

मी करकचून ब्रेक मारला. गाडी कडेला घेतली, किल्ली काढली आणि खाली उतरून चार पावलं लांब जाऊन उभा राहिलो, जणू नुसता जवळ उभा राहिलो तरी तिला माझी सवय लागेल. मग उत्तूरच्या टोइंगवाल्याला फोन लावला. चाकं रस्त्याला लावून ओढायची नाही, पूर्ण गाडी वर चढवून न्यायची असं बजावून सांगितलं.

तो तासाभरानं आला. चाळिशीतला गडी, मला ओळखत होता. त्यानं बॉनेट उघडलं, खाली वाकून तेल गळतंय का बघितलं, किल्ली मागून इंजिन चालू केलं. इंजिन कसं सुरेल वाजत होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"मिस्त्री, झालंय काय गाडीला?"

"कायबी न्हाई. झकास हाय."

"मग चालवत न्या की! तुमच्यासारख्या माणसानं चालती गाडी टो करायची म्हणजे..." तो हसला. मी हसलो नाही तेव्हा तो थांबला. "न्हाई, म्हणजे, का वो?"

"बायकोची हाय," मी म्हटलं.

त्यानं इंजिन बंद केलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि पट्टे आवळायला लागला.